सातकरची विजेची फळी

आमच्या कँटीनमधून चपाती परत पाठवणारा मी आजवर एकच माणूस पाहिला. शिळी होती म्हणून नव्हे, कच्ची होती म्हणूनही नव्हे. "एका अंगाला जाड हाय," असं म्हणून मधुकर सातकरने ताट पुन्हा काउंटरवर ठेवलं. वाढणारा नवीन होता, तो हसला. जुन्या आचाऱ्याने मात्र मुकाट्याने दुसरी चपाती दिली, कारण सातकरच्या शर्टाच्या खिशात जाडी मोजायचं व्हर्निअर असतं आणि ते तो जेवणाच्या टेबलावरही काढू शकतो, हे त्याला ठाऊक होतं.

आमची कंपनी चाकणची, गिअरबॉक्समधले शाफ्ट बनवणारी. मी प्रॉडक्शनचा सुपरवायझर, सातकर क्वालिटीचा इन्स्पेक्टर. म्हणजे माल काढणं माझं काम आणि तो अडवणं त्याचं. दर दोन तासांनी तिन्ही शेडमधून पायी फेरी मारायची, प्रत्येक मशीनवरचा एखादा पीस उचलून मोजायचा आणि तो मापात नसला तर अख्खा बिन, म्हणजे पेटीभर माल, बाजूला काढायला लावायचा, ही त्याची नोकरी. नोकरी कसली, हौसच. वयाने तो माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठा. तोंडावर मी त्याला साहेब म्हणायचो, पाठ फिरली की एकेरीवर यायचो. लिहितानाही एकेरीच येतंय, तर येऊ दे. त्याच्यापायी मी इतके ओव्हरटाइम केलेत, की तेवढा हक्क मला आहे.

त्याची दोन वाक्यं सगळ्या प्लांटला पाठ होती. पहिलं, "चालतंय आन् बरोबर हाय, ह्यात फरक हाय." केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा शाफ्ट जास्त भरला, आणि मी म्हटलं, की साहेब, गाडीत बसवला तर चालेल हो, की हे वाक्य यायचं. दुसरं वाक्य, "मधी कोणी नको." भाजी घ्यायची तर तळेगावच्या बाजारात थेट शेतकऱ्याकडून, तक्रार करायची तर थेट मॅनेजरकडे, मुलीचं लग्न जमवायचं तर मध्यस्थाशिवाय. मधल्या माणसाने प्रत्येक गोष्टीत घाण केलेली असते, असं त्याचं ठाम मत. माल आणि गिऱ्हाईक यांच्या मधे इतकी वर्षं तो स्वतःच उभा आहे, हे मी एकदा त्याच्या नजरेला आणून दिलं. त्याने चष्मा पुसला आणि म्हणाला, "मी मधी न्हाई, कदम. मी दाराशी हाय."

माझा सिनियर ऑपरेटर गायकवाड लातूरकडचा. हाताने सोनं, पण बायकोच्या बाबतीत हळवा. तिच्या वाढदिवसाला त्याने कंपनीच्या मशीनवर, उरलेल्या स्टीलच्या तुकड्यातून एक लाटणं काढलं. काय लाटणं होतं ते. आरशासारखं. सातकर फेरीवर आला, लाटणं उचललं, दोन्ही टोकांना मोजलं आणि म्हणाला, "माप एकदम बरोबर." गायकवाडचा चेहरा फुलला. मग सातकरने खालच्या खिशातून पेन काढलं आणि कंपनीच्या मशीनवर खाजगी काम केल्याचा रिपोर्ट लिहिला. गायकवाडला मेमो मिळाला. लाटणं जप्त होऊन क्वालिटीच्या कपाटात गेलं. वर्षभर गायकवाड त्याच्याशी कामापलीकडे एक शब्द बोलला नाही, आणि सातकरला ते वर्षभर कळलंही नाही, कारण कामापलीकडे तोही कुणाशी बोलत नसे.

अशा माणसाचा उजवा गुडघा गेला, तेव्हा आमच्या शेडमध्ये कुणी पेढे वाटले नाहीत एवढंच. कंपनीच्या डॉक्टरने कागदावर लिहून दिलं, सतत चालण्याचं काम नको. एचआरने श्रावणात पत्र काढलं, की दसऱ्यापर्यंत फेरीची दुसरी काही सोय होत नसेल, तर सातकर यांनी गेटजवळच्या रेकॉर्ड रूममध्ये बसावं. पगार तोच, पंखा डोक्यावर, चहा जागेवर. मी त्याचं अभिनंदन करायला गेलो आणि, खोटं कशाला बोलू, मनापासून गेलो.

"तिथं काय हाय?" त्याने विचारलं.

"आराम आहे, साहेब. कागद आहेत."

"कागदावर सगळे पीस पासच असत्यात," तो म्हणाला. पत्राची घडी घातली, कडा जुळल्या नाहीत म्हणून उलगडून पुन्हा घातली. फ्लोअर सुटला की आपल्याला काही मोजायलाच उरणार नाही, या विचाराने तो माणूस घाबरला होता. मला ते दिसलं आणि मी न दिसल्यासारखं केलं.

मग त्याचा उपाय सुरू झाला. सायकल बाद, कारण सायकलला गुडघा वाकवावा लागतो. स्कूटरला शेडमध्ये परवानगी नाही. सामान नेण्याची बॅटरीवाली ट्रॉली प्लांट हेडने स्वतः देऊ केली, तर म्हणाला, "त्यावर माल नेत्यात. मी माल न्हाई." उभं राहिलं की दुखत नाही, चालताना दुखतं, असा त्याचा हिशोब. म्हणून उभ्याउभ्या जाणारं वाहन हवं. ते त्याला मोबाइलवर सापडलं. परदेशातली पोरं चार छोट्या चाकांच्या फळीवर उभी राहून, हातातल्या रिमोटने रस्त्यावरून सुसाट जातात, ती विजेची फळी. पंचावन्न वर्षांच्या, गंध लावणाऱ्या, कंपनीच्या बसमध्येसुद्धा दांडीला दोन्ही हातांनी धरून बसणाऱ्या सातकरने ठरवलं, की आपण ती घरी बनवायची. त्या सगळ्या व्हिडिओंमधे पहिली सूचना एकच असते, गुडघे वाकवा. ती सूचना त्याने बाद केली.

पहिली फळी पट्ट्यावर चालायची. म्हणजे मोटर एकीकडे, चाक दुसरीकडे आणि मधे रबरी पट्टा. पट्ट्यात खडा अडकला आणि तो तुटला. तळेगावात त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्येच तुटला, पण सातकरला त्यात तत्त्व सापडलं. पट्टा हा मधला माणूस. मग त्याने शोधून काढलं, की डायरेक्ट ड्राइव्ह नावाची मोटर असते, ती थेट चाकाच्या दांड्यावरच बसते. मोटरचं बाहेरचं कवच फिरतं आणि त्यालाच चाक जोडलेलं. पट्टा नाही, दातेरी चक्र नाही, आवाज नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने मला ते चित्र दाखवलं. इतक्या वर्षांत तो आपणहून माझ्या टेबलावर आला, ते तेव्हाच.

"बघ कदम. मधी कोणी न्हाई," तो म्हणाला. एखाद्याने देव्हाऱ्यातली मूर्ती दाखवावी तसा त्याचा आवाज झाला होता.

मोटरी आल्या, पण घोडं दांड्यावर अडलं. फळीखालचा दांडा मोटरच्या आतल्या भोकात घट्ट बसेल असा नेमक्या मापाचा कातून घ्यायला हवा होता. भोसरीच्या एका लेथवाल्याने तो तीनदा कातला आणि सातकरने तीनदा परत केला. चौथ्या वेळी लेथवाल्याने फोन उचलणं बंद केलं. मी म्हटलं, "साहेब, आणा इकडे. गायकवाड दहा मिनिटांत करून देईल." मला त्याची जिरवायची होती, हे मी कबूल करतो. तो मशीनसमोर दांडा हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. गायकवाडही त्याच्याकडे बघत उभा राहिला.

"कंपनीच्या मशीनवर खाजगी काम न्हाई," शेवटी सातकर म्हणाला आणि लंगडत निघून गेला. दांडा त्याने तळेगावला घरी, हातकानशीने आणि पॉलिश पेपरने, एकवीस दिवस घासून मापात आणला. एकवीस हा आकडा त्याच्या बायकोने, म्हणजे सुमनवहिनींनी सांगितला, आणि त्यांचा आकडा चुकत नाही.

त्याच सुमारास एका रविवारी मी त्याच्या घरी गेलो होतो. गंमत बघायला म्हणूनच. सुमनवहिनींनी पोहे दिले आणि तो बाल्कनीत दांडा घासत होता तिकडे मान उडवून म्हणाल्या, "भावजी, तुमचे पीस त्ये एकदा बघून रिजेक्ट करत्यात. मला बघायला तीन येळा आले. तिसऱ्या येळेला मीच म्हनलं, घ्यायचं तर घ्या, न्हाईतर ऱ्हाऊ द्या."

"मग?"

"मग काय. अजून पास केलं असं तोंडानं म्हनले न्हाईत. पोहे कसे झालेत, तुमी तरी सांगा."

मी पोहे उत्तम झालेत असं सांगितलं. बाल्कनीतून कानशीचा आवाज थांबला आणि सातकर म्हणाला, "मीठ बरोबर हाय आज." वहिनी माझ्याकडे बघून हसल्या. त्या घरात याला कौतुक म्हणत असावेत.

मोटरी प्रत्यक्ष बसवल्या त्या देहूरोडला, शब्बीरभाईंच्या दुकानात. शब्बीरभाई पंपाच्या आणि पंख्याच्या मोटरी भरून देतात, तिसरी पिढी. सातकर मधल्या माणसाला मानत नसला, तरी वायरिंग त्याला येत नव्हतं. दोन्ही मोटरी दांड्याच्या दोन टोकांना सरकवल्या. कवच बसवताना आतल्या चुंबकांनी ते असं खेचलं, की सातकरचा अंगठा चिमटला आणि काळानिळा झाला. सगळं बसलं. सातकरने अर्धा तास मोजमाप केलं. चाकं समांतर, दांडा सरळ, दोन्हीकडची फट सारखी. मग तो फळीवर चढला, रिमोट दाबला, आणि फळी पुढेही गेली नाही आणि मागेही गेली नाही. जागच्या जागी गर्रकन फिरली. सातकर टेबलाला धरून लटकला म्हणून वाचला.

शब्बीरभाई खुर्चीवरून उठलेसुद्धा नाहीत. "साहेब, दोन मोटरी समोरासमोर तोंड करून बसल्यात. एक पुढं चाललीय, एक मागं. घरात नवरा-बायकोचं होतं तसं." त्यांनी एका मोटरच्या तीन वायरींपैकी दोन काढल्या आणि अदलाबदल करून जोडल्या. पुढच्या वेळी फळी सरळ गेली. मिलिमीटरच्या शतांशापर्यंतचं माप सातकरने तपासलं होतं, कोणतं चाक कुठल्या दिशेला फिरणार एवढं राहून गेलं होतं. ही गोष्ट मी शेडमध्ये पंधरा दिवस पुरवून पुरवून सांगितली.

त्यानंतर तो रोज सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये सराव करायचा म्हणे. फरशीवर, गुळगुळीत. कंपनीत आणायला परवानगी नव्हती. परवानगी द्यायची की नाही ते चाचणी बघून ठरणार होतं, आणि चाचणीचा दिवस प्लांट हेडने नक्की केला खंडेनवमीचा. त्या दिवशी मशीन बंद असतात, त्यामुळे कुणाला काही होण्याची भीती नाही, असा त्यांचा साधा विचार.

खंडेनवमीला आमची शेड ओळखू येत नाही. आदल्या दिवशी लोखंडाचा सगळा कीस, म्हणजे शाफ्ट कातताना उडणारा बारीक बुरा, खरवडून काढतात. तेलाचे डाग रॉकेलने पुसतात, फरशी धुतात, मशीनला झेंडूच्या माळा घालतात, रांगोळ्या काढतात. प्लांट हेड झब्बा घालून आले होते. नारळ फुटले, आरती झाली, आणि मग सातकरने फळी फरशीवर ठेवली. नवा शर्ट, कपाळावर गंध, उजव्या हातात रिमोट. सगळी शेड दोन्ही बाजूंना उभी होती. खरं सांगायचं तर सगळे तो पडायची वाट बघत होते, आणि त्यात मी पुढच्या रांगेत होतो.

गायकवाड पुढे झाला. "लिंबाबिगर नवी गाडी काढायलेत व्हय, साहेब?" वर्षभरानंतरचं हे पहिलं वाक्य. त्याने चार लिंबं चार चाकांपुढे ठेवली. आता मोटारगाडीचं चाक लिंबू चिरडतं, पण या फळीचं चाक वाटीएवढं. सातकर खाली बसू शकत नव्हता, म्हणून लिंबं वर मागवून त्याने व्हर्निअरने मोजली. दोन बाद केली. गायकवाडने परातीतून लहान शोधून दिली, तेव्हा कुठे मुहूर्त लागला.

आणि तो चालला. हसायला तयार असलेली तोंडं तशीच उघडी राहिली. लिंबं फचकन फुटली आणि फळी शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आवाज न करता, पाण्यावरून गेल्यासारखी गेली. सातकर खांबासारखा ताठ उभा, गुडघे न वाकवता. प्रत्येक मशीनपाशी थांबला, माळेला हात लावला, पुढे गेला. वळला, परत आला. टाळ्या सुरू झाल्या. मीही वाजवल्या, हात आपोआप वाजले. प्लांट हेड म्हणाले, "सातकर, कमाल केलीत. दसरा झाला की फेरी सुरू करा. मी सही करतो."

सातकर खाली उतरला. त्याने फळी गायकवाडकरवी टेबलावर उलटी ठेवून घेतली आणि एक चाक बोटाने फिरवलं. कान जवळ नेला. पुन्हा फिरवलं. मग चार स्क्रू काढून मोटरचं कवच ओढून काढलं, आणि आम्ही सगळ्यांनी बघितलं. आत चुंबकांवर लोखंडाचा बारीक कीस मिशीसारखा चिकटून बसला होता. धुतलेल्या, पुसलेल्या, रांगोळी काढलेल्या फरशीवरून एक फेरी, आणि एवढा कीस.

सातकरचा जन्म लोखंडात गेला होता. मोटरमध्ये चुंबक असतो हे त्याच्या अंगठ्याला महिनाभर ठणकत होतं. पण लोखंडाच्या फरशीवर चुंबक फिरवायला निघालो आहोत, हे त्याला सुचलं नाही. आम्हालाही नाही. हसायला एवढी माणसं जमली होती, त्यात एकाच्याही डोक्यात ते आलं नाही.

"एवढंसं तर आहे," प्लांट हेड म्हणाले. "पुसून घ्यायचं रोज."

"आज फ्लोअर धुतलेला हाय साहेब. रोजच्या फ्लोअरवर आठ दिवसांत मोटर जाम हुईल. चाक मधीच थांबलं, तर मी मशीनवर जाईन, न्हाईतर मशीनवर हुबा असलेला पोऱ्या जाईल."

"झाकण लावा मग त्याला."

"झाकलं तर तापंल. दुसरं डिझाइन करावं लागंल. सहा म्हयने तरी."

एचआरची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. प्लांट हेडने हळू आवाजात समजावलं, "सातकर, मी पास करतोय ना? चालतेय ती. सगळ्यांनी पाहिलंय."

त्या क्षणी माझ्या मनात आलं, की म्हण बाबा हो. एकदा आयुष्यात म्हण. मला त्याच्या फेऱ्यांचा कंटाळा होता, तो रेकॉर्ड रूममध्ये गेलेला मला हवा होता, तरी मला तसं वाटलं, आणि स्वतःचा राग आला.

"चालतीय म्हणून पास करायचं असतं," सातकर म्हणाला, "तर मग कदमचे शाफ्ट मी कशापायी अडवले?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी झेंडूच्या माळेकडे बघितलं. सातकरने कवच पुन्हा बसवलं, चारही स्क्रू घट्ट केले आणि रिजेक्शनचा फॉर्म मागवला. त्यावर स्वतःच्या फळीचं वर्णन, दोष आणि खाली स्वतःची सही. अक्षर नेहमीसारखंच वळणदार होतं. गायकवाडने पाणी आणून दिलं, ते त्याने घेतलं.

प्लांट हेडने महिना संपेपर्यंत त्याला फ्लोअरवर राहू दिलं, बदली माणूस तयार होईपर्यंत म्हणून. ते दिवस तो पायीच फिरला. पहिल्या शेडपासून तिसरीपर्यंत, उजवा पाय ओढत, दातांवर दात रोवून. प्रत्येक मशीनपाशी तो पूर्वीपेक्षा जास्त वेळ थांबू लागला. पीस मोजताना कंबर टेबलाला टेकवायचा. मोजून झालं तरी पीस हातातच धरून ठेवायचा. तो गुडघ्यासाठी थांबतो हे सगळ्यांना कळत होतं. खुर्ची दिली तर तो बसला नसता, म्हणून ती कुणी दिली नाही.

त्याच्या शेवटच्या फेरीच्या दिवशी आमचा डिस्पॅच तोंडावर होता. ट्रक गेटवर उभा. सातकर शेडच्या दारातून आत आला आणि पहिल्या खांबापाशीच थांबला, एक हात खांबावर. माझ्या मशीनला अजून वीस पावलं होती. मी बिनमधले पाच-सहा पीस मोजले, त्यातला मला अगदी खात्रीचा वाटला तो उचलला आणि आपणहून त्याच्यापाशी घेऊन गेलो. असं मी आजवर कधी केलं नव्हतं. त्याच्या नजरेपासून माल लपवण्यात माझी नोकरीतली वर्षं गेली होती.

"साहेब, हा जरा बघता का? मला शंका आहे," मी म्हटलं.

त्याने खांबाला पाठ टेकवली. व्हर्निअर ठेवून त्याहून बारीक मोजणारा मायक्रोमीटर काढला, एका टोकाला मोजलं, मधे मोजलं, दुसऱ्या टोकाला मोजलं, पुन्हा पहिल्या टोकाला आला. मी घाई केली नाही. त्याच्या कपाळावरचा घाम हळूहळू सुकला, श्वास संथ झाला.

"शंका बरोबर हाय तुझी," तो म्हणाला. "एका टोकाला दोन शतांश जास्त हाय. बिन बाजूला काढ."

मघाशी मी फक्त मधे मोजला होता; आता पीस घेऊन त्या टोकाला मोजला. दोन शतांश जास्त होता.

तोवर तो खांब सोडून पुढे निघाला होता. सात-आठ पावलांवर गायकवाड एक पीस हातात धरून त्याची वाट बघत उभा होता, आणि त्याच्या पुढच्या मशीनवर आणखी एक जण, तसाच, पीस पुढे करून.